चहाच्या बाजूचं दार

नव्या घराच्या सांगाड्याच्या चारही बाजू दुपारपर्यंत उभ्या राहिल्या आणि आक्कांच्या लक्षात आलं, की दार भावजयीच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून आहे.

आक्का शिवणकाम करतात. चार वर्षं त्यांचं मशीन धाकट्या भावाच्या घरात, बाहेरच्या खोलीत आहे. गिऱ्हाईक आलं की आधी भावजयीच्या नजरेखालून जायचं, आणि कपडा शिवून होईपर्यंत त्याची कंबर किती वाढली हे गल्लीभर झालेलं असायचं. निम्मी गिऱ्हाइकं त्यापायीच तुटली. म्हणून परसात हे दीड खोलीचं घर: लाकडाचा सांगाडा, माती-पेंढ्याच्या भिंती, खिळा एकही नाही, आक्कांना परवडेल असं. अट एकच होती. दार मागच्या गल्लीत उघडायला हवं.

"मिस्त्री, दगडी पायरी त्या बाजूला, दार या बाजूला. मी उडी मारून आत जायचं का?"

मिस्त्री सांगाड्याभोवती फेरी मारून आले. लाकडांवर पटाशीनं कोरलेल्या त्यांच्या खुणा एकमेकींना चोख जुळत होत्या.

"जोड तर एकूण एक बरोबर बसलाय," ते म्हणाले.

"जोडाला कोण नावं ठेवतंय? अख्खं घर फिरलंय!"

कारण मिस्त्रींच्या बायकोनं सांगितलं. ती पेंढा कापायला आली होती. मिस्त्री प्रत्येक सांगाडा आधी आपल्या अंगणात जुळवून बघतात आणि दाराची बाजू हमखास स्वयंपाकघराकडे ठेवतात. म्हणजे चहा येताना दिसतो.

"इथं सकाळपासून चहा त्या खिडकीतून येतोय," ती म्हणाली. "यांचं दार आपोआप तिकडं वळलं."

मिस्त्रींनी घसा खाकरला. "जोडांतल्या लाकडी खुंट्या अजून नुसत्या बसवल्यात. एकदा ठोकल्या, की ओलं लाकूड वाळताना त्यांना अशी मिठी मारतं, की काढायच्या म्हणजे कापायच्याच. सोडवायचं तर आत्ता. पण दोन गडी जेवायला गेले ते गेलेच. नाहीतर राहू द्या ना, आक्का. घरच्या माणसांकडे दार, वाईट काय त्यात?"

"वाईट काय?" खिडकीतून भावजय कडाडली. "वन्संनी दार उघडलं की समोर मी. मी भांडी घासायला बसले की समोर वन्सं. फिरवा ते!"

चार वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. भावजय पदर खोचून आली, नवऱ्याला झोपेतून उठवून आणलं, आणि दोराचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं स्वतःच्या. "हळू, तुमच्या ताईचं घर आहे, म्हशीचं दावं नाही!" मिस्त्रींनी खुंट्या उपसल्या, आणि दोरानं तोलत पुढची बाजू मागे गेली, मागची पुढे आली. मिस्त्रींनी खुंट्या ठोकायची मोगरी उचलली आणि आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी गल्लीच्या बाजूला जाऊन, पायरीवर चढून, चौकटीतून दोनदा आत-बाहेर केलं.

"ठोका."

खुंट्या बसल्या. आक्का पायरीवरून पुन्हा आत गेल्या. मग स्वयंपाकघराकडची मोकळी चौकट दाखवत म्हणाल्या, "मिस्त्री, इथं माती भरताना एक खिडकी सोडा. लहानशी."

"केवढी?"

"पातेलं जाईल एवढी."

भावजय दोर गुंडाळत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"परत येईल एवढी ठेवा."