बाबांच्या हातचं औषध

खामगावच्या कम्प्युटर क्लासला मुजम्मिल सरांनी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास शिकवला आणि तो अख्ख्या वर्गात सगळ्यात आधी मला कळला. बाप क्लास नुसतं सांगून ठेवतो: फवारणी करायची. कशी, ते लेकरानं लिहायचं. बापाचं जे प्रायव्हेट असतं, ते लेकराला उघडता येत नाही. प्रोटेक्टेड असेल ते मात्र मिळतं.

बोंडअळीच्या साली माझे बाबा फवारतानाच गेले. बीटी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, औषध सगळं तोंडावर उडायचं. ते दोन-तीन औषधं एकात मिसळायचे. कोणती, किती, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

यंदा अळी पुन्हा दिसली. बाबांचे धाकटे भाऊ पंजाबरावकाका पाठीवर पंप बांधूनच अंगणात आले.

"अनुपमा, दादाचं मिश्रण माहीत हाये का तुले? एका फवाऱ्यात वावर साफ व्हाये त्याचं."

"त्यानंच गेले ना ते, काका."

"वारं उलटं होतं त्या दिवशी. कम्प्युटर शिकली म्हणून मले शिकवतं का वं?"

"मले नाही माहीत. ते प्रायव्हेट होतं." मला खरंच तसं वाटत होतं.

मी ड्रममध्ये पाणी ओतलं. मग माझा हात आपोआप फळीवर गेला. निळी बाटली, टोपणभर. मग पांढरी. मग कोपऱ्यातली पुडी. मी थांबायचं म्हणत होते, बोटं थांबेनात. लहानपणी मी पाणी ओतायचे आणि बाबा याच क्रमानं मिसळायचे. म्हणजे ते मला केव्हाच मिळालेलं होतं.

मानेमागे कोणीतरी खोकलं. काका तर समोर उभे होते. मागे नुसती भिंत.

"हेच तं," काका हसले. "बापाची लेक हायेस."

मी ड्रम लाथेनं आडवा केला.

"एकच औषध, काका. डब्यावर लिहिलं तेवढंच. तोंडाले फडकं बांधा. पटत नसन तं पंप मले द्या, मी जातो."

"अर्धी अळी राहीन, येडे."

"राहू द्या."

सर म्हणतात, बापाकडून आलेली प्रोटेक्टेड मेथड, म्हणजे काम करायची रीत, पोराला प्रायव्हेट करता येत नाही, एरर येते. येऊ दे. ते मिश्रण माझ्यापुढे कोणाला मिळणार नाही.

काका बडबडत फडकं बांधून अंगणापलीकडच्या पऱ्हाटीत शिरले आणि दिसेनासे झाले. पंपाच्या दांड्याचा आवाज तेवढा येत राहिला. थोड्या वेळानं, त्याच्या जरा मागे, दुसरा दांडा वाजायला लागला.

मी बांधावर चढले आणि हाक दिली, "बाबा, वारं पाठीशी घ्या."