मामलेदारांची धुरी

बसवराज मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. चौऱ्याहत्तर साली तिथला एक गिनिपिग प्रयोगाला फार लठ्ठ ठरला, म्हणून साहेबांनी तो त्याला देऊन टाकला. दिवसभर खाणं आणि कुणाकडंही मान वर करून न बघणं, एवढ्यावरून घरात त्याचं नाव मामलेदार पडलं.

थंडी पडली तसा मामलेदार वाजू लागला. आधी नाकात किर्र, मग छातीत घर्र. श्वासागणिक कुशी भात्यासारख्या हलायच्या. एक दिवस त्यानं मेथीवरून तोंड फिरवलं, तेव्हा बसवराजची बायको दाक्षायणी चरकली.

"ह्याला मी मरू देणार न्हाय," ती म्हणाली.

"कोण मरू देतंय?" सासू गंगम्मा म्हणाल्या. "माजी अकरा पोरं धुरीवर वाढली."

झालं. दार-खिडकी लावून शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची टरफलं टाकायची, आणि तान्ह्या बाळासारखं दुपट्यात गुंडाळून मामलेदाराला त्या धुरावर धरायचं. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. आवाज वाढला की गंगम्मा ओवा वाढवायच्या.

दाक्षायणीनं त्याला पिशवीत घालून गुरांचा दवाखाना गाठला. पुढं मंद्रूप गावचे दोन बैल होते. रजिस्टरात बैल, म्हैस, शेळी, कोंबडी एवढेच रकाने. कंपाउंडरनं बराच विचार करून 'शेळी' लिहिलं. शिंगं : नाहीत.

दोन तासांनी नंबर लागला तेव्हा शेळी शांत होती. घरी धुरी झाली, पुन्हा घर्र. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खूश झाले. "हातगुण आहे बघा माझा."

"हात लागायच्या आदीच बरं वाटतंय त्याला," दाक्षायणी म्हणाली. "रांगेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरी काय करता?"

तिनं धुरीचं सांगितलं.

"सर्दी आहे, ती उबेनं जाईल. पण एवढ्याशा छातीत धूर कोंडलात तर हा जाईल. कोरडं गवत, ऊब, मोकळी हवा. धूर बंद."

घरी आल्याआल्या ती म्हणाली, "आत्याबाई, धुरी बंद."

"त्या डॉक्टरनं किती पोरं वाढवली?"

हे तिनं विचारलं नव्हतं. तिनं मामलेदाराला ओसरीवर ठेवलं, दार-खिडकी लावली आणि डोक्यावरून दुपटं घेऊन शेगडीपुढं बसली. "द्या. त्याला देताय तेवडीच. आणि तुमी बी बसा हितं."

"मला काय भ्या हाय?" गंगम्मा बसल्या.

पहिली मूठ ओवा. दुसरी. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण उठेना कुणीच. तिसऱ्या मुठीला गंगम्मांच्या छातीतून किर्र आलं. मग घर्र.

"आत्याबाई, ह्यो कुणाचा आवाज?"

गंगम्मा उत्तर द्यायला गेल्या, तर शिट्टी आली. त्यांनी उठून खिडकी उघडली. दम खाऊन म्हणाल्या, "पोरांची छाती मोठी असती. ह्याची लिंबाएवडी. आदी सांगायचं की!"

त्या दिवसापासून शेगडीवर शेंगा भाजू लागल्या.

दहा-बारा दिवसांनी ओसरीवरून कर्कश शिट्टी आली. दाक्षायणी पिठाच्या हातानंच धावली, मागून गंगम्मा. मामलेदार मागच्या दोन पायांवर उभा होता. नाक कोरडं, कुशी शांत. जन्मात पहिल्यांदा तो मान वर करून कुणाकडं तरी बघत होता : दारात टोपली उतरवणाऱ्या भाजीवाल्या सारजाबाईकडं.

"मेथी घे गं," गंगम्मा म्हणाल्या. "साहेब कामावर रुजू झाले."