तुटलेला दम

मांडव्याच्या सदाचं कार्ड येऊन पाच वर्षं झाली होती, आणि दयारामने त्याला उत्तर धाडलं नव्हतं. कार्डावर रामराम नव्हता, ख्यालीखुशाली नव्हती. एकच प्रश्न होता : 'माझा दम तुटलेला तुला ऐकू आला होता का?' दयारामने ते कार्ड मिठागरावरच्या खोपटात, छपराच्या पेंढ्यात खोचून ठेवलं. खाऱ्या हवेने कागद पिवळा पडला. अक्षरं गेली नाहीत.

हुतुतूत चढाई करणारा एका दमात तोंडाने 'हुतुतू' चालू ठेवतो. तो आवाज थांबला की तो बाद, आणि धरणाऱ्याने त्याला तिथेच सोडायचं. खाडीकाठच्या सगळ्या गावांत हाच कायदा. दयाराम धरणारा होता. घोट्यावर त्याचा पंजा बसला की निघत नसे. १९२९ साली सदाचा घोटा त्याने असाच धरला, वरून चौघे पडले, आणि सदाचा गुडघा मोडला. आता सदाला होडीत उभं राहता येत नाही, घरी बसून तो जाळी विणतो, असं तिकडून येणारे सांगत. त्यानंतर दयाराम खेळायला उतरलाच नाही.

शिमग्याच्या आधी बाळाजी मिठागरावर आला. गावच्या गड्यांचा तो म्होरक्या. दयाराम मीठ ओढत होता.

"दादा, रविवारी मांडव्याची माणसं येतात मचव्यातनं. तुला उतराया लागंल."

"बेचाळीस झाली मला, बाळाजी."

"आपली पोरं चपळ हायत, पन वाऱ्यानं उडतात. मला अंग पायजे. घोटा धरून बसंल असं अंग."

"माज्याच्यानं व्हनार न्हाय."

"भ्यालास व्हय? कोळी काय गिळतात तुला?"

दयाराम भ्याला होताच, पण कोळ्यांना नव्हे. तो स्वतःच्या हातांना भीत होता. हे बाळाजीला कसं सांगायचं ते न सुचल्यामुळे त्याने मान हलवली, आणि बाळाजी होकार समजून निघून गेला.

दुपारी भाकर घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने, सगुणेने, ते ऐकलं. "नाय म्हनाया जीभ जड झाली व्हती?"

"गाव काय म्हनंल?"

"म्हनंल, दयाराम म्हातारा झाला. त्यात खोटं काय हाय?" तिने कांदा फोडून त्याच्यापुढे ठेवला.

रविवारी कापलेल्या शेतात रेघा ओढल्या. सुरुवातीलाच दोन गडी दयारामच्या हाताखालून निसटले. पाय वेळेवर उचलत नव्हते. मागून बाळाजी सारखा सांगत होता, "अंग टाक, दादा, अंग."

शेवटी डाव बरोबरीत आला आणि मांडव्याचा विशीतला गडी चढाईला निघाला. बघणाऱ्यांतलं कोणी म्हणालं, "ह्यो कान्हा. सदाचा धाकला भाऊ."

कान्हाचा आवाज भावासारखाच होता, नाकातून येणारा. तो आवाज जवळ आला, कान्हाचा पाय पुढे आला आणि दयारामच्या हाताने विचारायच्या आतच तो घोटा धरला. वरून चौघे पडले. पंजाखालचं हाड वळू लागलं. हुतुतू बारीक होत गेलं, आणि मग काहीच ऐकू येईना.

दम तुटला की तोंड मातीत गेलं? माणसं ओरडत होती, कानांत स्वतःचंच रक्त ठोकत होतं. त्या वेळी असं नव्हतं. त्या वेळी सदाचा आवाज तुटल्याचं त्याला स्वच्छ कळलं होतं. 'सोड, दयाराम' हेही ऐकू आलं होतं. आणि सगळं गाव बघत होतं म्हणून त्याने आणखी थोडा वेळ धरून ठेवलं होतं.

त्याने पंजा उघडला.

कान्हा सरपटला. त्याचा हात मधल्या रेघेवर पडला आणि मातीतून आवाज आला, "तुतुतु."

धरणारे पाचही बाद झाले. डाव मांडव्याचा.

"हातात आलेला घोटा सोडलास?" बाळाजी म्हणाला.

"मला वाटलं, दम तुटला."

"अंग गेलं ते गेलं, कान बी गेलं तुजं."

कान्हा लंगडत आला. घोटा चोळत म्हणाला, "काका, दम शाबूत व्हता माजा." मग हळू आवाजात, "घरी गेल्यावर भाऊ इचारंल, दयारामानं कसा धरला. काय सांगू?"

"काय नको सांगू. मी लिवतो."

प्रश्न टपालाने आला होता. उत्तर दुसऱ्याच्या तोंडी धाडणं त्याला बरं वाटलं नाही. सोमवारी सकाळी धक्क्यावर बसून त्याने कार्ड लिहिलं. शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या तेवढ्यावर.

'सदा, ऐकू आला होता. सोड म्हणालास तेही. लोक बघत होते म्हणून धरून ठेवला. काल तुझ्या भावाचा नीट ऐकू आला नाही, तरी सोडला. दयाराम.'

सदा हे वाचेल, कान्हाला दाखवेल, मांडव्यात सगळ्यांना कळेल, मग इथेही. टपालपेटीच्या तोंडात कार्ड अर्धं गेलं, तरी बोटांनी कोपरा धरूनच ठेवला होता. मागे टपाल टाकायला उभा असलेला माणूस खाकरला.

दयारामने बोटं उघडली. कार्ड आत पडलं.