आठवण ते हात

“ह्यो तागो पास होवचो नाय,” असं म्हणून धोंडूने स्वतःचाच रिपोर्ट परत केला.

रिपोर्ट म्हणजे कोळिष्टकासारखा आलेख. त्याला पाच काड्या: हात, पाय, गिळणं, वाचा, आठवण. पक्षाघाताचा झटका आल्यापासून डावा हात पाचपैकी एकावर अडकला होता. वाचेला पाचपैकी पाच. तीन असते तरी घरच्यांचं भागलं असतं. सगळे आकडे रेषेने जोडलेले होते, पण आठवणीपासून परत हाताकडे यायच्या जागी रेषाच नव्हती.

“बाबा, कॉम्प्युटर तेवढी काढत नाही. तुम्ही व्यायाम करा,” मालन म्हणाली. ती त्याची मुलगी. त्याच्यावर उपचार चालू असलेल्या परळच्या इस्पितळातच व्यायाम विभागात कारकून होती. हे रिपोर्ट तीच छापायची.

“एक धागो सुटलोहा गो. असला कापड मुकादम तोंडार मारता.”

धोंडू गिरणीत मागावर तुटलेले धागे सांधायचा; संपानंतर ती गिरणी उघडलीच नव्हती. मुकादमाला वारून पंधरा वर्षं झाली होती. तरी धोंडू त्याला अजून वचकून होता. सदोष कागदावरून व्यायाम करणार नाही म्हणजे नाही. इकडे डॉक्टरांनी बजावलेलं: महिनाभरात हात हलवला नाही, तर तसाच आखडून राहील.

मालनने सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं, रेषा बंद करायची सोय द्यावी. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सूचना चांगली आहे, विचार करू. तोवर पहिला आकडा शेवटी पुन्हा भरा. तिने भरला. जाळं बंद झालं, फक्त काड्या सहा झाल्या.

“माका डावे हात दोन?” धोंडूने मोजून विचारलं. “एक चलत नाय, तां कमी झाला?”

मालनने कागद टेबलावर आपटला. “मग तुम्हीच जोडा! जन्मभर तेच केलंत ना?”

धोंडूने पाच काड्यांचा कागद मागून घेतला, उजव्या हाताने दाबून धरला आणि डाव्याच्या बोटांत पेन खोचलं.

“उजव्याने काढा, बाबा.”

“चूक हेच्या वाट्याची हा. हेनाच निस्तरूची.”

आठवण ते हात, अंतर चार बोटं. अर्धा तास लागला. रेषा दोनदा तुटली; दोन्हीदा त्याने मागे जाऊन सांधली. मग कागद खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिला.

“पास.”

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू झाला. हात तीनपर्यंत आला, आणि पुढची तीन वर्षं, शेवटपर्यंत, चहाचा कप धोंडूने डाव्यानेच धरला.

तो गेल्यावर वर्षाने सॉफ्टवेअरवाल्यांचा विचार पूर्ण झाला. नव्या आवृत्तीत ‘रेषा बंद करा’ असा एक चौकोन आला. मालन जुन्या फायली एकेक उघडून त्यात खूण करत गेली. फायली तीनशे बारा होत्या. तीनशे अकरा झाल्यावर, बाबांची तेवढी तशीच ठेवून, तिने कॉम्प्युटर बंद केला.