गाडीत न येणारा ठिपका

दुकानदाराने तोच डबा पुन्हा पुढे सरकवला, तेव्हा भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली.

काउंटरवर जीपीएस रिसीव्हरचे सगळे प्रकार मांडून ठेवले होते. एक काडेपेटीएवढा, बिनवायरीचा, ब्लूटूथवर चालणारा. एक अंगठ्याएवढा, लॅपटॉपच्या कुशीत थेट खोचायचा. आणि तिसरा, ज्याच्यावर या माणसाचा एवढा जीव जडला होता, तो काळा, चपटा आणि गोल, पोटाखाली चुंबक आणि मागे शेपटीसारखी लांबलचक वायर.

"ताई, हा छपरावर चिकटवायचा, वायर दारातून आत घ्यायची. विषय संपला."

"मग बाकीचे चालत नाहीत का?"

"चालतात की. पण गाडीला हाच बरा."

"का पण?"

"बराय म्हणून."

भिंगरीने डब्यावरच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली आणि ती बाबांना दाखवली. बाबांनी नुसत्या भुवईने 'आलं लक्षात' म्हटलं. ते स्वतः धंदेवाले. न खपणारा माल माणूस किती प्रेमाने दाखवतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटी अंगठ्याएवढा रिसीव्हर घेऊन बापलेक बाहेर पडली, तीही एखादा कट उधळून लावल्याच्या थाटात.

बाबा गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायचे. गिऱ्हाईक जिथे असेल तिथे व्हॅन घेऊन जायचं, असा त्यांचा धंदा. फिल्मच्या छटा दाखवायला व्हॅनमध्ये पुढच्या दोन सीटच्या मधे लॅपटॉप बसवलेला होता. त्यात भिंगरीने सगळा नकाशा उतरवून ठेवला होता, कारण बाबांचा फोन बटणांचा आणि गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत नेटवर्क सदा रुसलेलं. अडचण एवढीच होती, की नकाशाला सगळं जग माहीत होतं, पण आपण त्यात कुठे आहोत हे माहीत नव्हतं. त्यासाठी रिसीव्हर.

आणि तो हवा होता तातडीने. भाड्याने गाड्या देणाऱ्या एका कंपनीचं काम बाबांकडे होतं, आणि घर जवळजवळ त्याच कामावर चाललं होतं. कंपनीच्या गाड्या ठेवायच्या शेड चार दिशांना पांगलेल्या. बाबा दर वेळी उशिरा पोचायचे, कारण शेजारी बसून रस्ता सांगायचा काका. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, फिल्म कापण्यात एक नंबर. रस्तेही त्याला तोंडपाठ होते, फक्त मधल्या काळात रस्त्यांनीच आपल्या जागा बदलल्या होत्या. मॅनेजरने शेवटचं सांगून टाकलं होतं, की आता एकदा जरी उशीर झाला तर काम दुसऱ्याला जाईल.

घरी गच्चीवर लॅपटॉप उघडला, रिसीव्हर खोचला, आणि थोड्याच वेळात नकाशावर निळा ठिपका येऊन बरोबर त्यांच्या गल्लीत बसला.

"आपण आपल्याच घरी आहोत, हे कळायला एवढं मशीन?" काका म्हणाला.

"जळतोस ना?"

"मी कशाला जळू. माझी सीट तू घे, मी मागे फिल्मच्या गुंडाळ्यांवर पाय पसरून झोपतो."

हे तो फारच हसत हसत म्हणाला, आणि भिंगरीने ते मनात टिपून ठेवलं.

कारण खाली व्हॅनमध्ये ठिपका येईना. 'उपग्रह शोधत आहे', एवढंच, आणि एक गोल आपला फिरतोय. गच्चीवर नेलं की ठिपका हजर, व्हॅनमध्ये आणलं की गायब. बाबांचा संशय दुकानदारावर. "बिघडलेला गळ्यात मारला त्याने. आपण त्याचा लाडका घेतला नाही ना, त्याचा राग." भिंगरीला हे पटलं नाही. बिघडलेला असता तर गच्चीवर कसा चालला? मग असं काय होतं, जे गच्चीवर नव्हतं आणि व्हॅनमध्ये होतं? तिने डोकं खाजवलं आणि खिडकीतून बघितलं, तर काका मागच्या सीटवर शीळ घालत बसला होता. ब्लेडचे तुकडे वेचायला त्याच्या खिशात कायम एक मोठं चुंबक असायचं. कारण तर उघडंच होतं. रिसीव्हर चालला, की काकाला रस्ता कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, आणि काम होतं पार पलीकडच्या शेडचं. भिंगरी पुढे बसली, काका मागे. काचा वर, एसी चालू. नव्या इमारतींच्या गर्दीत रस्ता दोन दिशांना फुटला. दोन्हीकडे सारखेच मनोरे, सारखीच पत्र्याची कुंपणं.

"कुठे वळू?" बाबांनी गाडी थांबवून विचारलं.

गोल फिरतच होता.

"काका, ते चुंबक बाहेर फेक," भिंगरी न वळताच म्हणाली.

"काय?"

"मला माहितीये. तुला हे चालायलाच नकोय. आपलं काम गेलं तरी चालेल, पण तुझी सीट जायला नको."

काकाने खिसे उलटे केले. चुंबक, ब्लेडची डबी, पेपरमिंटच्या दोन गोळ्या, सगळं त्याने सीटवर मांडलं. मग म्हणाला, "तू दुकानात बघून आलीस त्या रिसीव्हरांपैकी एकाच्या पोटातच चुंबक होतं म्हणे. मग तो तर चालायलाच नको." आणि दार उघडून तो कोपऱ्यावरच्या चहावाल्याला रस्ता विचारायला चालू लागला. दार त्याने हळूच लावलं, आणि तेच जास्त लागलं.

भिंगरीचे कान तापले. त्याला हाक मारावी म्हणून तिने काच पूर्ण खाली केली. काय म्हणायचं ते सुचेपर्यंत लॅपटॉपवर ठिपका आला होता.

पहिला विचार तिच्या मनात हाच आला, की बघा, काका उतरला आणि चालू झालं. आपलंच चुकलं असेल, हा दुसरा विचार करायची तिला लाजच वाटत होती. पण काका 'त्यालाही ठाऊक नाही' म्हणत परत आला, सीटवर बसला, चुंबक खिशात टाकलं, तरी ठिपका जागचा हलला नाही. धूळ येतेय म्हणून बाबांनी काच वर केली. थोड्या वेळाने ठिपका गेला.

"बाबा, काच खाली करा."

आला.

"आता वर."

गेला.

सगळे काचेकडे बघायला लागले. तिच्यावर हलकी निळसर झाक होती. बाबांची सगळ्यात भारी फिल्म, आत धातूचा पातळ थर असलेली. गिऱ्हाइकांना दिसावी म्हणून त्यांनी ती व्हॅनच्या एकूण एक काचेला लावली होती, अगदी पुढच्यासुद्धा.

"माझी फिल्म असं करणार नाही," बाबा म्हणाले. शाळेतून पोराची तक्रार आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"दादा, करते," काका म्हणाला.

भिंगरीने लॅपटॉप स्टँडवरून सोडवला आणि खिडकीबाहेर अर्धा काढून धरला. "काका, माझं चुकलं," ती बाहेर तोंड करून म्हणाली.

"वाऱ्यात ऐकू येत नाही. डावीकडे की उजवीकडे ते सांग."

तोंडात धूळ, केसांचं घरटं, पण ते वेळेत पोचले. मॅनेजर दारातच घड्याळ बघत उभा होता आणि त्याचा किंचित हिरमोड झाल्यासारखा वाटला. मात्र त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. समोर एक ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता.

"सगळ्या गाड्यांना ट्रॅकर बसवलेत मी," मॅनेजर बाबांना ऐकवत होता, जणू त्यांना पंच नेमलं होतं. "याची गाडी स्क्रीनवरून सारखी गायब होते. ट्रॅकर काढतो, खासगी भाडं मारतो, परत लावतो. आज याचा हिशोब करून टाकतो."

"साहेब, मी हातसुद्धा लावलेला नाही त्याला," ड्रायव्हर म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात."

भिंगरीने बाहेर उन्हात उभ्या असलेल्या त्याच्या गाडीकडे पाहिलं. काचा वर होत्या. निळसर झाक. बाबांनीच मागच्या फेरीला लावलेली. फिल्म लावल्यापासून अजून बाहेर न पडलेल्या अशा कितीतरी गाड्या शेडमध्ये उभ्या होत्या. काकाने बाबांकडे बघितलं. बाबा आपल्या हातातल्या अवजारांच्या पिशवीकडे बघत होते.

बोलले तर काम जाणार. गप्प बसले तर तो माणूस जाणार. दुकानदारावर संशय घेतला, काकावर घेतला, आणि आता पहिल्यांदाच भिंगरीच्या मनात बाबांबद्दल संशय आला. हा संशय तिला मुळीच नको होता. बाबा अजून पिशवीच्या बंदाशीच चाळा करत होते.

"त्या गाडीची किल्ली द्या," बाबा म्हणाले.

"कशाला?"

"द्या तर. आणि तुम्ही आत जाऊन स्क्रीनसमोर बसा."

मॅनेजरने आधी बाबांना, मग ड्रायव्हरला न्याहाळलं. दोघांचं काही साटंलोटं आहे का, हे तो चेहऱ्यावरून वाचू बघत होता. मग आत गेला. बाबांनी गाडीच्या सगळ्या काचा खाली केल्या आणि वाट पाहिली.

"आली," आतून आवाज आला.

बाबांनी काचा वर केल्या. थोड्या वेळाने, जरा नाराजीनेच, "गेली."

मॅनेजर बाहेर आला तो सावकाश. "म्हणजे हे सगळं तुमचं काम."

"माझंच. मलाही आजच कळलं. या माणसाचा काही दोष नाही. सगळ्या गाड्यांची फिल्म काढतो, धातू नसलेली लावून देतो. मजुरी नको."

"आणि ती असं करणार नाही कशावरून?"

बाबांनी पिशवीतून त्या फिल्मचा नमुना काढला आणि उजेडात धरून पाहिला. त्यांनाही माहीत नव्हतं.

"आधी आमच्या व्हॅनला लावू," भिंगरी म्हणाली. "इथेच, तुमच्यासमोर. काचा बंद असताना ठिपका आला, तर मग तुमच्या गाड्या."

मॅनेजरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हीसुद्धा काहीतरी गळ्यात मारायला आली आहे. मग ड्रायव्हरला म्हणाला, "तू गाडी काढ. आज काचा उघड्या ठेव." आणि बाबांना, "करा. तोवर तुमचं काम राहिलं की गेलं, ते मी सांगणार नाही."

काकाने ब्लेड काढून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी पुढच्या काचेचा कोपरा खरवडला, आणि ती भारी निळसर फिल्म एका हाताने हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली. भिंगरी आत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. बाहेर मॅनेजर खुर्ची ओढून बसला, आणि काचेकडे नाही, तर बाबांच्या हातांकडे बघत राहिला.