बोटाखालची खळगी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. माझ्या अंगावर नाव कोरलेले आहे, पण ते माझे पहिले नाव नव्हे. पहिले घासून काढले. ते का, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म जपानमधल्या तोसा प्रांतात, चिकामोरींच्या लोहारशाळेत झाला. आमच्याकडे लोखंड ठोकण्यापासून मूठ बसवण्यापर्यंत सगळे एकाच माणसाच्या हातचे. त्यामुळे सुरीला कारागिराचे वळण येते. इवाओ चिकामोरींची सुरी तर बंदरावर कोणीही नाव न वाचता ओळखायचे. पाठीजवळचा पट्टा ते भट्टीतून निघाला तसाच काळा ठेवत आणि मुठीजवळचा टोकदार कोपरा कानशीने गोल करत. "बोट कापतं गिऱ्हाइकाचं आणि शिव्या बसतात मला," असे म्हणत.

मला मात्र इवाओंनी घडवले नाही. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचे हात थरथरत. मला घडवले त्यांच्या मुलीने, कानाएने. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून ती सगळे हुबेहूब बाबांसारखे करी. पट्टा काळा, कोपरा गोल, आणि छिन्नीने कोरलेले नावही बाबांचेच. इवाओ चहा पीत बघत बसत आणि चकार शब्द काढत नसत. गप्प राहणे त्यांच्या सोयीचे होते. मला त्यांचा रागच यायचा.

मी गेले बंदरावरच्या त्सुरुएकाकूंच्या खानावळीत. काकू कात्सुओ मासा पेंढ्याच्या जाळावर भाजून त्याचे जाड काप करत. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन काप केले, मला उजेडात धरले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मला फडक्यात गुंडाळून त्या तडक लोहारशाळेत आल्या.

"काय हो इवाओसान, उजव्या हातानं कधीपासून ठोकायला लागलात?"

कानाएचा चेहरा पांढराफटक पडला. इवाओ डावखुरे होते. काळ्या पट्ट्यावर त्यांच्या हातोड्याचे ठसे एकीकडे कलत, माझ्यावरचे दुसरीकडे कलले होते. एवढी जपून नक्कल करणाऱ्या पोरीच्या हे ध्यानातच आले नव्हते.

"चूक माझी आहे, काकू," कानाए खाली मान घालून म्हणाली. "सुरी परत घेते."

"परत द्यायला कोण आलंय? अगं, कातडी जरासुद्धा ओढली जात नाही हिच्यानं. तुझ्या बापाची सुरीसुद्धा अशी चालत नव्हती. मी एवढंच विचारतेय, ही कोणाची?"

"माझं नाव घातलं तर घेणार कोण?"

"ही काय, घेतलेली हातात आहे माझ्या! डोळे फुटले का तुझे?"

इवाओंनी चहाचा पेला खाली ठेवला. "कानाए, घास ते नाव."

"बाबा, अहो..."

"पोरीची मेहनत स्वतःच्या नावावर खपवली मी. लाज मला वाटायला हवी. घास."

तिने मला चाकावर धरले. नाव खोल होते, ते जाईपर्यंत तिथे उथळ खळगी पडली. त्या खळगीत तिला आपले नाव कोरायचे होते, पण हात ठरेना. तेव्हा इवाओ उठले आणि सगळा भार टाकून त्यांनी मला ठोकळ्यावर दाबून धरले. कोणाचा हात जास्त थरथरत होता, ते मला सांगता येणार नाही.

काकूंनी मला उचलले. "अगंबाई, बोट कसं छान बसतंय इथे! हे असंच ठेव हं."

तेव्हापासून खळगी म्हणजे कानाएची सुरी. बंदरावर तेवढ्यावरून ओळखू लागले.

पुढे काकू वारल्या आणि माझे हाल झाले. त्यांच्या सुनेने मला मोरीत ओली टाकली, गंजाने माझे अंग खाल्ले. शेवटी तिलाच वाईट वाटले आणि ती मला लोहारशाळेत घेऊन गेली. कानाएचे केस पिकले होते. तिने माझा सगळा गंज काढला, खळगीला मात्र चाक लावले नाही.

मित्रांनो, सुरी वापरलीत की धुवा आणि लगेच पुसून कोरडी करा. आणि कोणाच्या हातची आहे, ते विचारा.

हल्ली दुसरे लोहारही अशी खळगी पाडतात. ते नुसतेच लोखंड घासतात. कानाए तसे करत नाही. ती प्रत्येक नव्या सुरीवर आधी बाबांचे नाव कोरते, मग ते घासते, आणि मग त्या जागी आपले घालते.