समाचाराला गेलेले सर

सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सोमेशसरांचा क्लास होता. तिथे माणसांना बोलायला शिकवत. येणारी माणसं दोन वर्षांची असल्यापासून बोलतच असत. पण ते शिक्षण आई-आजीकडून, प्रमाणपत्राशिवाय झालेलं असल्यामुळे सर ते जमेस धरत नसत. सरांचं वय सव्वीस. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स करून ते संवादतज्ज्ञ झाले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या आईला, बसम्माला, घरात तोंड उघडायची चोरी झाली होती. 'जेवतोस का' असं तिनं विचारलं की सर सांगत, हा बंद प्रश्न झाला, यात समोरच्याला व्यक्त व्हायला वाव राहत नाही. बसम्मा ताट वाढून निघून जाई.

एवढा मोठा तज्ज्ञ, पण क्लासला विद्यार्थी चार. त्यातले दोघे एसीच्या गारव्याला येत. दिवाळीपर्यंत काही जमलं नाही तर क्लास बंद करून आपल्या खताच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी निक्षून सांगितलं होतं. सरांची सगळी मदार आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या उदयसिंहांच्या टॉवेलच्या कारखान्यावर होती. ऐंशी कामगारांना संवादकौशल्य शिकवायचं, आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर. हे काम मिळालं की क्लास तरला. नाही मिळालं की युरियाची पोती.

उदयसिंह मूळचे करकंबचे, सरळ माणूस. त्यांनी सरांना नाही म्हटलं नव्हतं. आधी कामगारांशी बोलून घ्या, म्हणाले. सरांनी नुसतं बोलून घेतलं नाही, प्रत्येकाची परीक्षाच घेतली. पॅकिंग खात्यात मायाक्का नावाची बाई वीस वर्षं टॉवेलच्या घड्या घालत होती. स्वतःबद्दल पाच वाक्यं बोला, असं सरांनी तिला सांगितलं. तिनं विचार करून सांगितलं, "घड्या घालते." उरलेली चार वाक्यं सरांनी बराच वेळ वाट पाहूनही आली नाहीत. सरांनी तिला दहापैकी दोन गुण दिले. दोन का, तर सर मनानं उदार होते.

गुरुवारी उदयसिंहांसमोर सगळा आराखडा मांडायचा असं ठरलं, आणि सोमवारी उदयसिंहांच्या आई सोनाबाई वारल्या.

सरांना वाईट वाटलं, हे खरं. पण संकटात संधी शोधावी हेही त्यांना पुण्यात शिकवलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते समाचाराला जायला निघाले, तेव्हा बसम्मानं दारातच अडवून सांगितलं, "तिथं काय बोलू नको. जरा वेळ बस, मग ऊठ." सरांना तिची कीव आली. ज्या प्रसंगी माणसाला शब्दांची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच प्रसंगी आपला समाज मुका होतो, असं त्यांनी बूट घालता घालता आईला समजावून सांगितलं. लहानपणापासून 'पोराचा अभ्यास आहे' म्हणून तिनंच त्यांना अशा घरी कधी नेलं नव्हतं. आता ती फक्त कपाळाला हात लावू शकत होती, तो तिनं लावला.

उदयसिंहांच्या घरी ओसरीवर सतरंजी अंथरली होती. माणसं खाली मान घालून बसली होती. कुणी येई, बसे, उठून जाई. 'या' नाही, 'बसा' नाही. मधूनच कुणीतरी म्हातारीच्या वयाचं काहीतरी पुटपुटे आणि पुन्हा शांत होई. सरांच्या तज्ज्ञ नजरेला एका क्षणात दिसलं की इथे संवादाची भीषण पोकळी आहे.

ती त्यांनी भरायला घेतली. आधी सगळ्यांना खणखणीत नमस्कार घातला. उदयसिंहांचा हात हातात घेऊन, डोळ्यांत डोळे घालून, शिकल्याप्रमाणे आश्वासक हसले. मग, "तुम्हाला नेमकं काय वाटतंय, मोकळेपणानं सांगा," असा खुला प्रश्न विचारला. उदयसिंहांनी मान हलवली. ती कोणत्या अर्थानं हलवली हे सरांना कळलं नाही, पण प्रतिसाद आला यातच त्यांना समाधान होतं. पुढचा प्रश्न त्यांनी सगळ्या सतरंजीला विचारला: आजींच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण कोणता असेल? करकंबहून आलेले रावजीकाका, उदयसिंहांचे चुलते, यांनी टोपी काढली, टोपीच्या आत पाहिलं आणि पुन्हा घातली. त्यांची बायको, काकी, आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. त्या सरांकडे एकटक बघत होत्या. श्रोत्यांची नजर खिळवून ठेवणं हे सरांचं बलस्थानच होतं.

एवढ्यात मायाक्का आली. ती काकींच्या शेजारी जाऊन बसली. तिनं काकींचा हात हातात घेतला नाही की काही विचारलं नाही. थोड्या वेळानं उठून मागच्या दारी गेली, साचलेली भांडी घासली, पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यापाशी क्षणभर थांबून तशीच चालती झाली. उदयसिंहांनी ती जाईपर्यंत तिच्याकडे पाहिलं आणि मग उपरण्यानं डोळे पुसले. सरांना वाटलं, दोन गुणही जास्तच झाले.

शेजारच्या घरातून चहा आला. सरांनी चहाची तारीफ केली. मग वेळेचं भान राखत ते उठले आणि निरोपाचं बोलणं गोड असावं म्हणून हसून म्हणाले, "बरं वाटलं सगळ्यांना भेटून. अशाच भेटी होत राहोत. येतो मी."

सतरंजीवर आधीच शांतता होती. आता ती आणखी थोडी वाढली. काकींनी पदर तोंडाला लावला.

तेरावा उरकल्यावर सर आराखडा घेऊन कारखान्यात गेले. उदयसिंहांनी डोक्याचे केस काढलेले होते. त्यांनी सरांना बसवलं, पाणी दिलं, तक्ते शेवटपर्यंत पाहिले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की तुम्ही आला होता त्या दिवसापासून रावजीकाकांना ताप आहे. डॉक्टर म्हणतात साधाच आहे, पण काकी रोज दाराकडे बघत बसतात. यातलं पहिलं वाक्य सरांना कळलं, आणि काकांना लवकर बरं वाटो, मी भेटायला येईन, असं त्यांनी मनापासून सांगितलं. उदयसिंह घाईघाईनं म्हणाले, "नको, नको. तुम्ही नका त्रास घेऊ. बघू की, कळवतो तुम्हाला." सर खूश होऊन उठले. जिन्यातच त्यांनी वहीत लिहिलं: प्रतिसाद सकारात्मक, कळवणार आहेत.

फाटकाजवळच्या लिंबाखाली मायाक्का डबा खात बसली होती. आनंद कुणाला तरी सांगायलाच हवा होता. सरांनी सांगितलं, काम जवळपास झालं, साहेब कळवतो म्हणालेत.

मायाक्कानं हातातला घास डब्यात ठेवला. "कळवतो म्हनले व्हय? मंग न्हाय म्हना की सर. पार्टीचा माल घ्यायचा नसला, की साहेब आसंच म्हनत्यात."

सरांनी कारण विचारलं. त्यांच्या आवाजातलं पॉलिश पहिल्यांदाच गेलेलं होतं. ती बाई सांगावं की नको असं करत होती, शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी मैताच्या घरी येतो म्हनला की, काकी सांगत व्हत्या. येतो म्हंजे काय, पुन्ना असंच यायला लागावं? काकी लई भ्याल्यात. तितं काय बोलायचं नसतं, सर. उठायचं आन जायचं."

सर उभेच राहिले. खुला प्रश्न सुचेना, बंदही सुचेना. मागे यंत्रमागांचा खडखडाट चालू होता आणि सरांच्या डोळ्यांसमोर खताचं दुकान, त्याच्या शटरसकट, आलेलं होतं. काकींचं ते एकटक बघणंही आलं. मायाक्कानं भाकरीचा तुकडा मोडून पुढे केला. त्यांनी तो घेतला, उभ्यानंच खाल्ला. मग वही खिशात घातली आणि शिकले तसे, एक शब्द न बोलता, मान खाली घालून फाटकाबाहेर चालू लागले.

"ओ सर," मायाक्कानं मागून हाक मारली. "हितं कोन मेलंय? हितं म्हनायचं आसतंय की."

सर वळले. मग म्हणाले, "येतो."

"या. आईला इचारलंय म्हनून सांगा," ती म्हणाली आणि डब्यातला ठेवलेला घास पुन्हा उचलला.